सी-टाइप चार्जर लॅपटॉपला चालत नसेल तर दोष कसा शोधावा

खानापूरहून रोज बसने बेळगावला अभियांत्रिकीच्या वर्गाला येणारी माझी भाची एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन टिळकवाडीत आमच्याकडे आली. "मामा, चार्जिंग सुरू आहे असं दाखवतंय आणि टक्के मात्र उतरताहेत," अशी तिची तक्रार होती. स्वतःचा चार्जर घरी विसरल्यामुळे तिने मैत्रिणीच्या मोबाईलचा चार्जर लावला होता. त्यावर ६७ वॅट असे ठळक छापलेले होते आणि लॅपटॉपचा मूळ चार्जर ६५ वॅटचा होता, म्हणजे हिशेबाने दोन वॅट जास्तच मिळायला हवे होते. वाटेत एका दुकानात दाखवल्यावर तिला पोर्ट, म्हणजे लॅपटॉपमधले चार्जर लावायचे भोक, बदलावे लागेल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पोर्टला काहीही झालेले नव्हते.

ही गफलत समजून घेतली की निम्मे काम होते. यूएसबी-सी हे २०१४ साली ठरलेल्या २४ संपर्कांच्या जोडणीचे, म्हणजे केवळ पिनच्या आकाराचे नाव आहे. त्या पिनमधून किती वीज जाईल हे आकारावरून कळत नाही. चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. त्यानंतर चार्जर आणि लॅपटॉप यांच्यात 'सीसी' नावाच्या बारीक तारेवरून देवाणघेवाण होते, चार्जर आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो, लॅपटॉप त्यातले हवे ते मागतो आणि मगच व्होल्टेज वाढते. या बोलणीच्या नियमांना यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी, असे म्हणतात. बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात. बोलणी कुठे अडली हे शोधणे हेच आपले काम आहे, आणि ते खाली दिलेल्या क्रमाने केल्यास खर्च सर्वांत शेवटी येतो.

चार्जरवरची बारीक अक्षरे वाचणे

चार्जर सॉकेटमधून काढून उजेडात धरावा आणि 'आउटपुट' या शब्दापुढचे आकडे वाचावेत. करड्या प्लास्टिकवर करडी अक्षरे छापण्याची कंपन्यांना हौस असते, त्यामुळे मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून पाहणे सोयीचे जाते. लॅपटॉपला चालणाऱ्या ६५ वॅटच्या चार्जरवर साधारणपणे ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर आणि २० व्होल्ट ३.२५ अँपिअर अशा जोड्या असतात. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० गुणिले ३.२५ बरोबर ६५.

भाचीकडच्या चार्जरवरची शेवटची जोडी होती ११ व्होल्ट ६.१ अँपिअर. गुणाकार ६७ येतो, म्हणजे ठळक आकडा खोटा नव्हता. परंतु २० व्होल्टची जोडी त्यावर कुठेच नव्हती, आणि ११ व्होल्टची ती खास बोली त्या कंपनीच्या मोबाईलपुरतीच असते. शिवाय त्याच्या केबलचे चार्जरकडचे टोक जुन्या चपट्या यूएसबी-ए पद्धतीचे होते. अशा केबलमधून लॅपटॉपची पीडीची बोलणी होत नाही आणि हाती उरतात ते ५ व्होल्ट. पुष्कळ लॅपटॉप ते सरळ नाकारतात; तिच्या लॅपटॉपने ते स्वीकारले, एवढेच. साधे टंकलेखन करतानाही लॅपटॉपला १० ते २० वॅट लागू शकतात, आणि येणारी वीज त्याहून कमी असल्याने उरलेली बॅटरीतून जात होती.

तेव्हा पहिला नियम असा की चार्जरवर २० व्होल्टची जोडी हवी आणि तिचा गुणाकार लॅपटॉपच्या गरजेइतका हवा. ही गरज मूळ चार्जरवर किंवा लॅपटॉपच्या पाठीवर लिहिलेली असते. तेथे १९.५ व्होल्ट असा आकडा दिसला तर घाबरू नये. तो गोल पिनच्या चार्जरचा आकडा असतो, वॅट तेवढे पाहावेत. गरजेपेक्षा जास्त वॅटचा प्रमाणित चार्जर लावल्याने लॅपटॉप जळत नाही, कारण किती घ्यायचे ते लॅपटॉप ठरवतो.

दोन-तीन भोके असलेला चार्जर असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. ६५ वॅटच्या अनेक चार्जरमध्ये शेजारच्या भोकात मोबाईल लावताच लॅपटॉपच्या वाट्याला ४५ वॅट उरतात, आणि ही नवी वाटणी होताना चार्जिंग क्षणभर तुटते. लॅपटॉप मध्येच 'टुंग' करून पुन्हा चार्ज होऊ लागत असेल तर मोबाईल काढून पाहावा. त्याचप्रमाणे मधे हब किंवा डॉक, म्हणजे एका पोर्टची अनेक भोके करणारी जोडणी, असेल तर तोही बाजूला करावा, कारण तो स्वतःसाठी काही वॅट राखून ठेवतो.

केबल बदलून पाहणे

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोषी निघते ती केबल, आणि सर्वांत कमी वेळा संशय येतो तोही तिच्यावरच. दोन्ही टोकांना सी असलेल्या प्रमाणित केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट, जाऊ शकतात. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात आपली क्षमता सांगणारी एक चिप असावी लागते. ती नसेल तर १०० वॅटचा चार्जर आणि १०० वॅट मागणारा लॅपटॉप असूनही काम ६० वॅटवरच अडते. २०२१ साली पीडीची मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढवण्यात आली, त्यामुळे नव्या केबलींवर ६० किंवा २४० वॅट असा शिक्का असतो. लॅपटॉपसाठी केबल घेताना असा स्पष्ट आकडा छापलेलीच घ्यावी.

चाचणी करताना एका वेळी एकच वस्तू बदलावी. चार्जर तोच ठेवून केबल बदलावी, मग केबल तीच ठेवून चार्जर बदलावा. दोन्ही एकदम बदलले आणि चार्जिंग सुरू झाले तर दोष कोणात होता हे कळत नाही, आणि मग खराब केबल पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊन पुढच्या महिन्यात तोच घोळ घालते.

सी केबल लांब करणारे जोड आणि चुंबकाने चिकटणाऱ्या पिना लॅपटॉपसाठी वापरू नयेत; दोन्ही गोष्टी प्रमाणित रचनेत बसत नाहीत. केबलीतला दोष केवळ चार्जिंग थांबवण्यापुरता राहत नाही हे २०१६ मध्ये दिसून आले. सी केबली स्वतः तपासणारे गूगलचे अभियंते बेन्सन लिउंग यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप आतील तारा चुकीच्या जोडलेल्या एका स्वस्त केबलमुळे निकामी झाला होता.

योग्य पोर्ट आणि स्वच्छ पोर्ट

लॅपटॉपला सीची दोन भोके असली तरी दोन्ही चार्जिंगची असतीलच असे नाही. भोकाशेजारी प्लगचे, बॅटरीचे किंवा विजेच्या लोळाचे चिन्ह असेल तर तेथे प्रथम लावावे. कोणतेच चिन्ह नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहावे. काही मोठ्या गेमिंग लॅपटॉपची मूळ गोल पिन १८० वॅटच्या वरची असते, आणि त्यांचे सी पोर्ट एक तर चार्जिंग घेत नाही किंवा १०० वॅटपर्यंतच घेते. खेळ सुरू असताना त्यांची बॅटरी उतरली तर तो दोष समजू नये.

यानंतर एक साधी चाचणी करावी, जी बहुतेक लोक करत नाहीत. केबल लावून पाहावी, काढावी, पिन उलटी करून पुन्हा लावावी. सी पिन दोन्ही बाजूंनी बसते खरी, पण लॅपटॉपच्या पोर्टमध्ये बोलणीचे संपर्क दोन असतात आणि पिन ज्या बाजूने बसेल त्याप्रमाणे त्यांतला एकच वापरला जातो. एका बाजूने चार्ज होते आणि उलटे केल्यावर होत नाही, असे कोणत्याही चांगल्या केबलीने घडत असेल तर पोर्टमधल्या एका संपर्कावर घाण बसलेली आहे किंवा तो झिजलेला आहे. हे निदान दुकानदाराला सांगितले तर तोही पुढे मोघम बोलत नाही.

घाणीच्या बाबतीत आपला भाग संपन्न आहे. वडगाव, खासबागच्या विणकर वस्तीत सुताचे तंतू हवेत असतात आणि पिशवीच्या तळाशी त्यांचा लगदा होतो. तो पोर्टमध्ये गेला की पिन पूर्ण खाली बसत नाही, हाताला मात्र बसल्यासारखी वाटते. निपाणीकडे तंबाखूची बारीक धूळ हेच काम करते. उद्यमबागेतल्या कारखान्यात लॅपटॉप नेणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण लेथवरचा लोखंडी कीस वीज वाहून नेतो आणि दोन संपर्कांमध्ये अडकला तर पोर्ट जाळू शकतो. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर हवेत जो ओलावा असतो, त्याने संपर्कांवर हिरवट थर धरतो.

साफ करताना लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. मध्ये पातळ जिभेसारखी पट्टी दिसते. संपर्क तिच्या दोन्ही अंगांना असतात, म्हणून तिला खरवडू नये. लाकडी दातकोरणीचे टोक चपटे करून पट्टीच्या बाजूच्या फटीतून तंतू हळूच बाहेर ओढावेत. टाचणी, सुई, सेफ्टी पिन वापरू नये. तोंडाने फुंकर मारण्याची सवयही सोडावी, कारण तिच्याबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो. हवेचा छोटा पंप चांगला. हिरवट थर दिसला तर तो स्वतः काढण्याच्या भानगडीत न पडता दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे.

लॅपटॉप काय सांगतो ते पाहणे

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' या भागात यूएसबीच्या पानावर चार्जिंग सावकाश होत असल्यास कळवण्याची सोय आहे. ती चालू ठेवावी. हा इशारा आला तर वीज येत आहे पण वॅट कमी पडत आहेत असे समजावे. काहीच हालचाल झाली नाही तर बोलणीच झालेली नाही. या दोन अवस्थांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून त्यांची सरमिसळ करू नये. अ‍ॅपलच्या लॅपटॉपमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनच्या 'पॉवर' विभागात जोडलेल्या चार्जरचे वॅट थेट आकड्यात दिसतात. काहीशे रुपयांत मिळणारा यूएसबी-सी मीटर केबलीच्या मधे लावला तर कोणत्याही लॅपटॉपवर व्होल्ट आणि अँपिअर पाहता येतात: पडद्यावर २० च्या आसपास आकडा आला की बोलणी यशस्वी, ५ वरच थांबला की फिसकटलेली. मीटरवरही किती वॅटपर्यंत चालतो ते लिहिलेले असते, तेवढे मात्र पाहून घ्यावे.

चार्जिंग ८० टक्क्यांवर किंवा ६० टक्क्यांवर थांबत असेल तर चार्जरला हात लावण्याआधी कंपनीचे अ‍ॅप उघडावे. बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी अशी मर्यादा घालण्याची सोय लेनोव्हो व्हँटेज, मायआसूस यांसारख्या अ‍ॅपमध्ये असते आणि ती कधी चालू केली होती हे आपण विसरून जातो. डेलचा १३० वॅटचा सी चार्जर हेही एक वेगळे प्रकरण आहे: तो २० व्होल्टला ६.५ अँपिअर देतो, जे पीडीच्या ५ अँपिअरच्या मर्यादेबाहेर आहे. त्यामुळे त्याचे पूर्ण वॅट डेललाच मिळतात, आणि त्या डेलला दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावला तर तो कमी वॅटची सूचना दाखवू शकतो.

वीज वारंवार ये-जा करून चार्जर गप्प झाला असेल तर तो भिंतीच्या सॉकेटमधून काढून दोन-चार मिनिटे तसाच ठेवावा. नंतर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग पुन्हा जोडणी करावी. कंपनीच्या अ‍ॅपमधून बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली, अद्ययावत करणे हाही उपाय आहे, परंतु बॅटरी जवळजवळ रिकामी असताना तो करू नये. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर शक्यतो मूळ चार्जर लावून अर्धा तास वाट पाहावी; पडदा लगेच उजळला नाही म्हणून लॅपटॉप गेला असे धरू नये.

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रारही चार्जरच्याच नावावर येते. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसते आणि त्यातून अगदी सूक्ष्म गळती जाणवते. अर्थिंग असलेल्या सॉकेटात तीन पिनांचा चार्जर लावला की ती थांबते. झटका जोराचा असेल तर चार्जर तत्काळ काढावा.

नवा चार्जर घेताना

गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात उभे राहून दुकानदाराला "लॅपटॉपचा सी चार्जर द्या" एवढेच सांगितले तर जो पुढ्यात असेल तो मिळतो. त्याऐवजी, "पीडीचा, २० व्होल्टचा, ६५ वॅटचा द्या, आणि लेबल दाखवा" असे म्हणावे. लेबलवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १३२५२ हा मानकाचा क्रमांक आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दुकानातच दिसते. डब्यावरचे नाव आणि ते नाव जुळले नाही तर चार्जर परत द्यावा. शक्य असल्यास लॅपटॉप सोबत न्यावा आणि पैसे देण्याआधी लावून पाहावा.

हे सर्व करूनही बोलणी जमत नसेल, म्हणजे खात्रीचे दोन चार्जर आणि खात्रीच्या दोन केबली लावूनही कोणत्याच सी पोर्टवर काही होत नसेल, तर दोष लॅपटॉपच्या आतील पोर्टमध्ये किंवा त्यामागच्या सर्किट बोर्डवर आहे, आणि तेथे आपले काम संपते. दुरुस्तीला देताना एका चिठ्ठीवर चार्जरच्या लेबलवरचे आकडे, पिन उलटी करून काय झाले ते, आणि मीटर असेल तर त्यावर दिसलेले व्होल्ट लिहून द्यावेत, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.