मध्ययुगीन लढाईचे नवे नियम पटावर मांडताय? या चुका टाळा

पटावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांनी ‘डीबीए’ (‘डे बेलिस अँटिक्विटाटिस’) हे प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचे नियम (पहिली आवृत्ती 1990, तिसरी 2014) पहिल्यांदा हातात घेतले की आधीच्या खेळांच्या सवयीच आड येतात.

सगळ्यात मोठी चूक फाशाशी भांडण्याची. दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या असतात. पाळी आली की एक फासा टाकायचा आणि जेवढे पडतील तेवढ्याच हालचाली करायच्या. एक पडला की नवखा वैतागतो आणि लगेच घरचा नियम काढतो, ‘किमान तीन तरी धरूया.’ मग खेळात राहिलं काय? सेनापतीचा हुकूम सगळीकडे पोचत नाही, हीच तर यातली गंमत! उपाय नियमातच आहे. तुकड्या कडेला कडा भिडवून रांगेत ठेवा, अख्खी रांग एकाच हालचालीत सरळ पुढे सरकते. पहिल्याच पाळीत सैन्य विखुरलं की मात्र सहा पडले तरी अपुरेच.

दुसरा घोळ निकालाचा. दोन तुकड्या भिडल्या की दोघी एकेक फासा टाकतात आणि तो आकडा आपल्या ठरलेल्या गुणात मिळवतात. बेरीज कमी म्हणजे तुकडी मेली, असं नाही. समजा, सपाट जमिनीवर एकटा भालाईत (गुण 4) आणि सरंजामी घोडेस्वार (पायदळाविरुद्ध गुण 3) भिडले. फासे 3 आणि 1 पडले, तर 7 विरुद्ध 4. घोडेस्वार फक्त मागे हटतो. भालाइताला 4 पडले असते तर 8 विरुद्ध 4, म्हणजे निम्मे, आणि घोडेस्वार खलास. पण बगलेला शत्रू भिडलेला असेल तर नुसतं मागे हटणंही जिवावर बेततं. हे उदाहरण दोन-चारदा हाताने करून बघा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

शिवकाळ यात कोंबू नका. मोह होतो, साताऱ्या-सांगलीत तर होणारच. पण हे नियम इ.स. 1500 पर्यंतचे, तालिकोटची 1565 ची लढाईसुद्धा चौकटीबाहेर जाते. दख्खनच हवं असेल तर बहमनी आणि विजयनगर घ्या.

महागडी सैन्यं आधी मागवू नका. 15 मिमीच्या सैनिकांना 60 सेंटिमीटरचा चौकोन पुरतो, तो कॅरम बोर्डावर सहज आखता येतो. फक्त बोरिक पावडर नीट पुसा, नाहीतर धक्का लागला की रांगा घसरतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या 40 मिमी रुंद पट्ट्या कापून त्यावर ‘भालाईत’, ‘तिरंदाज’ लिहिलं तरी चालतं. एप्रिलमध्ये सांगलीत पंखा बंद ठेवून कोणी खेळणार नाही, म्हणून पट्ट्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवा.

आणि एका डावावरून नियमांना नावं ठेवू नका. त्याच दोन सैन्यांनी, बाजू बदलून, लगेच दुसरा डाव मांडा. चार तुकड्या जाऊन समोरच्यापेक्षा जास्त गमावल्या की डाव संपतो, त्यामुळे वेळ फार लागत नाही.