या चुका टाळा: सायकलच्या फास्ट ग्रुपमधनं सुटायचं नसेल तर

फास्ट ग्रुपमधनं ड्रॉप झालेल्या, म्हणजे मागे सुटलेल्या माणसाला कारण विचारा, तो पायांवर ढकलणार. पाय संपले, दम पुरला नाही, रात्री झोप झाली नव्हती, आणि खिशात थोडे पैसे खुळखुळत असतील तर ‘काका, व्हील्सच जड आहेत’. इतकी वर्षं बघतोय, नुसते पाय कमी पडून सुटणारे फार थोडे. बाकीचे चुकीच्या जागी बसतात, नको तिथे जोर लावतात, नको तिथे पेडल सोडतात आणि त्यानंतर पाय संपतात. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला सुटलेला दिसतो तो खेड शिवापूरच्या टोलनाक्यापुढे, पण त्याचं गणित बिघडलेलं असतं नव्या कात्रज बोगद्याच्या आधीच.

त्यातही ॲव्हरेजचा घोळ. ग्रुपची राइड स्ट्राव्हा ॲपवर ताशी ३२ किलोमीटरच्या ॲव्हरेजने दिसते, आपण एकटे एनडीए रोडला २९ ने जाऊन आलोय, म्हणजे तीनचाच फरक, जमवू, असा हिशोब करून लोक येतात. अहो त्या ३२ मध्ये चढ आहे, सिग्नल आहेत, शहरातनं बाहेर पडायची रखडपट्टी आहे. सपाटीला तीच मंडळी ३७-३८ ने चाललेली असतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, रस्ते चकाचक झाले, लोकांनी पेलोटॉन, म्हणजे शर्यतीतला सायकलींचा घोळका, डोळ्यांनी बघितला, छानच झालं, पण त्यानंतर सायकल घेऊन महिना झाला नाही तोवर ‘फास्ट ग्रुपचा नंबर द्या ना’ म्हणणारे जे वाढलेत त्यांना काय सांगावं कळत नाही. सांगितलं तरी ऐकत नाहीत. आधी दोनतीन महिने २६-२८ च्या ग्रुपबरोबर चालवा म्हटलं की चेहरा असा होतो जणू आपण त्यांना ट्रायसिकल घ्यायला सांगितली.

पुल संपला आणि माणूसही संपला

पुल म्हणजे रांगेच्या पुढे येऊन सगळ्यांसाठी वारा कापायची पाळी. ही माझी सगळ्यात नावडती चूक.

पुढे यायची पाळी आली की नव्या माणसाला काहीतरी होतं. आतापर्यंत रांगेत चौथ्या-पाचव्या चाकावर ३४ ने निवांत आलेला असतो, समोरचा बाजूला होतो, रस्ता मोकळा दिसतो आणि गडी ३८ ला जाऊन पोचतो. त्याला वाटतं आपण ग्रुपला मदत करतोय. हवेचा विरोध स्पीडबरोबर सरळ वाढत नाही, हवा कापायला लागणारी ताकद स्पीडच्या घनात वाढते. ३४ वरनं ३८ म्हणजे फक्त चार वाटतात, पण तेवढ्यासाठी हवेशी भांडायला जवळपास ४० टक्के जास्त ताकद लागते. शिवाय मागच्या चाकावर होता तेव्हा साधारण पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचत होती, तीही गेली. म्हणजे दोन्हीकडनं मार.

एक पोरगा होता, आयटीतला, उंच, पायात चांगलीच ताकद, सायकल माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा कितीतरी महाग. शिरवळच्या राइडला आलेला. कापूरहोळच्या पुढे त्याची पाळी आली आणि साहेब ४० ला. मागनं दोघंतिघं ओरडतायत, ‘अरे स्थिर, स्थिर!’ पण त्याच्या कानात वारा. दोन-अडीच मिनिटं असा ओढला, मग ‘पुढे या’ म्हणून कोपर हलवलं, बाजूला झाला आणि काय केलं तर पेडल पूर्ण सोडलं, बाटली काढली, खाली सायकल कॉम्प्युटरकडे बघत बसला. मी शेवटून दुसरा होतो. त्याच्या शेजारनं जाताना म्हटलं, ‘आता मार पेडल, शेवटचं चाक जातंय.’ त्याने मान वर केली तोवर शेवटचा माणूस त्याच्या पुढे दोन सायकली गेलेला. दोन सायकलींचं अंतर म्हणजे बघायला काहीच नाही, हात लांब केला तर पकडेल असं वाटतं. पण पाय नुकतेच रिकामे केलेले, स्पीड २९ वर आलेला, ग्रुप ३५ ला. उभा राहिला, पाचसात पेडल मारली, बसला. संपलं. पुढचं सगळं अंतर एकट्याने.

शिरवळला आमचा दुसरा चहा चालू होता तेव्हा आला. धाप लागलेली, आणि पहिलं वाक्य, ‘काका, कॅसेट बदलायला पाहिजे का?’

कॅसेट! म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्या. पुढच्या वेळी त्याला एकच नियम दिला. पुढे गेलास की आकड्याकडे बघायचं नाही, समोरचा ज्या स्पीडने चालला होता त्याच स्पीडला राहायचं, मनात उजव्या पायाचे साठ फेरे मोजायचे आणि बाजूला व्हायचं, अजून दम आहे असं वाटत असतानाच. बाजूला झाल्यावर पेडल हलकं करायचं, सोडायचं नाही. आणि शेवटून दुसऱ्या माणसाचं पुढचं चाक आपल्या पायाशी आलं की तिथनं जोर वाढवायला घ्यायचा, शेवटचा शेजारी येईपर्यंत आपला स्पीड त्याच्याइतका झालेला पाहिजे. शेवटचा कोण आहे हे आधीच बघून ठेवायचं, जर्सीचा रंग लक्षात ठेवायचा. पाणी नंतर, त्याच्या मागे नीट बसल्यावर. साठ फेऱ्यांमागे कुठलंही शास्त्र नाही, मला जमतं म्हणून सांगतो, ९० च्या केडन्सला, म्हणजे मिनिटाला ९० फेरे मारताना, चाळीस सेकंद होतात तेवढंच. एखाद्या दिवशी दम नसेल तर वीसच मोजा आणि बाजूला व्हा, कोणी काही म्हणत नाही. पुढे येऊन दहा सेकंदात हटणारा माणूस ग्रुपला चालतो, स्पीड चारने वाढवून ग्रुप फोडणारा चालत नाही.

यू-टर्न, स्पीडब्रेकर आणि शेवटची जागा

‘मी नवीन आहे, मागेच राहतो’ हे ऐकायला नम्र वाटतं, पण सगळ्यात शेवटी बसणं ही ग्रुपमधली सगळ्यात महागडी सीट आहे. सिग्नल सुटल्यावर दहाव्या रिक्षाचं जे होतं तेच. पहिला माणूस यू-टर्नला १५ वर येतो, वळतो आणि स्पीड घ्यायला लागतो, तेव्हा दहावा अजून ब्रेक दाबत असतो. तो वळून बाहेर येतो तोवर पहिला परत ३४ ला. म्हणजे बाकी सगळे ३४ ने जाताना ह्याला दरवेळी ४० मारायला लागतात, तेही झटका देऊन. वाटेत असे पाचसहा झटके बसले की विषय संपला, आणि मग घरी येऊन यूट्यूबवर एफटीपी, म्हणजे तासभर टिकेल एवढी ताकद, कसा वाढवायचा ते बघत बसतात.

वळण येणार आहे हे माहीत असतं ना? रस्ता तोच, दर रविवारी तोच. मग किलोमीटरभर आधीपासून हळूहळू पुढच्या चारपाचात येऊन बसा. वळायच्या आधी दोन गिअर हलके करून ठेवा, वळून झाल्यावर जड गिअरवर लटकत चेन खडखडवणारे मी रोज बघतो. आणि बाहेर येताक्षणी पाचसहा पेडल उभं राहून जोरात मारा, अंतर एका सायकलीचं असेल तोवरच. ‘हळूहळू भरतो गॅप’ असं म्हणणाऱ्याचा गॅप भरलेला मी अजून पाहिला नाही.

उभं राहण्यावरनं आठवलं, सीटवरनं उठताना पेडलचा दाब क्षणभर सुटतो आणि सायकल मागच्याच्या दृष्टीने फूटभर मागे येते. मागच्याचं हृदय तोंडात. उठायचं तेव्हा पेडल खाली दाबतच उठा.

चाकात चाक

पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक घुसवून चालवू नका. तो रस्त्यातला चमकणारा कॅट्स आय चुकवायला वीतभर सरकला आणि चाकं घासली तर तो पडत नाही, तुम्ही पडता, आणि तुमच्या मागचे तुमच्यावर. खडकवासल्याच्या बाजूला असंच एकाचं कॉलर बोन गेलं, पुढच्याला तर कळलंसुद्धा नाही, तो दोनशे मीटर जाऊन वळून बघतोय सगळे कुठे गेले म्हणून. आणि नजर पुढच्याच्या टायरवर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरनं पलीकडे बघा. टायरकडे बघणारा दर मिनिटाला ब्रेक दाबतो, मग गॅप पडतो, मग गॅप भरायला जोर लावतो, मग परत ब्रेक. जवळ यायला लागलात तर थोडं बाजूला होऊन छाती वाऱ्याला द्या, स्पीड आपोआप उतरतो.

वारा

पहाटे वारा नसतो म्हणून कोणी विचारच करत नाही, आणि मग पावसाळा येतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिमेचा. पिरंगुट, मुळशी किंवा लोणावळ्याकडे जाताना तोंडावर, येताना पाठीवर, हे सगळ्यांना कळतं. साताऱ्याच्या रस्त्याला लोक फसतात, कारण तो दक्षिणेला जातो, म्हणजे वारा बाजूने. जाताना उजवीकडनं येतो, त्यामुळे आडोसा पुढच्याच्या बरोब्बर मागे नसतो, मागे थोडा डावीकडे असतो. पुढचा जर रस्त्याच्या डाव्या कडेला चिकटून चालला तर मागच्याला तो आडोसा मिळायला जागाच उरत नाही, सगळे पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच्या खडीत एकामागे एक वारा खात. म्हणून पुढे असाल तेव्हा कडेपासून हातभर आत राहा, मागच्यांना जागा द्या. येताना उलटं, आडोसा उजवीकडे म्हणजे ट्रकच्या बाजूला. तिथे आडोशाच्या मोहात लेनमध्ये पसरायचं नाही, गपचूप रांगेत यायचं आणि पाळ्या छोट्या करायच्या. हायवेवर थोडा वारा खाल्लेला परवडला.

खाणं

भूक लागल्यावर खाणार असाल तर खाऊ नका, उपयोग नाही. जोरात चालवताना अंगातली साखर दीड-दोन तासात तळाला जाते आणि खाल्लेलं पायात उतरायला वेळ लागतो. सुरुवात झाली की अर्ध्या तासात पहिला घास, मग दर अर्ध्या तासाला. तासाला ४०-६० ग्रॅम कार्ब, म्हणजे मोठं केळं आणि तीनचार खजूर एवढं साधं. एनर्जी जेल घ्यायला माझी ना नाही पण रविवारच्या राइडला दीडशेच्या पुड्या फोडायची गरज काय ते मला समजत नाही. खजुराच्या बिया घरीच काढा, पुडीचं तोंड घरीच कापा. आणि कृपा करून राजगिऱ्याचा लाडू आणू नका. ३५ च्या स्पीडला, तोंड उघडं, धाप लागलेली, आणि तो भुगा घशात. मागचे चारजण पांढरे होतात.

मिसळ परत आल्यावर. मध्ये नाही.

बाकी किरकोळ

२५ मिलीमीटरच्या टायरमध्ये १२० पीएसआय हवा भरून फास्ट होत नाही, आपल्या रस्त्यांवर फक्त हाडं खिळखिळी होतात. सत्तर किलोच्या माणसाला २५ ला ८५-९० आणि २८ ला ७०-७५ भरपूर झाले.

चेन आदल्या रात्री पुसा, पहाटे पाचला पार्किंगमध्ये तेल ओतून ते रस्ताभर मागच्याच्या तोंडावर उडवू नका.

स्पेअर ट्यूब स्वतःची आणा. ‘कोणाकडे तरी असेलच’ म्हणणारे तीनजण एकाच राइडला आले होते.

एरोबार, म्हणजे कोपरं टेकवून पुढे वाकायचे दांडे, लावून ग्रुपमध्ये यायचं नाही. चर्चा नाही.

घाट

जुन्या कात्रजच्या चढाला शिंदेवाडीकडनं येताना ग्रुप फुटतोच, त्यात अपमान काही नाही. १५-१६ च्या स्पीडला ड्राफ्टचा, म्हणजे पुढच्याच्या आडोशाचा फायदा नावापुरता, तिथे ज्याचं वजन कमी आणि इंजिन मोठं तो जाणार. चूक अशी की लोक चढाच्या पायथ्याला शेवटी असतात आणि पहिल्या वळणाला सगळ्यात हलक्या पोराच्या मागे धावतात. पायथ्याला पहिल्या दोघातिघांत या, मग आपल्या चालीने चढा, लोकांना शेजारनं जाऊ द्या. वरच्या जुन्या बोगद्यापर्यंत हळूहळू घसरत शेवटच्या माणसापर्यंत आलात तरी ग्रुपमध्येच आहात. शेवटून सुरुवात केली असती तर तेवढंच घसरून बाहेर पडला असतात. ताकद तेवढीच लागली.

आणि तरीही सुटलात तर

एकट्याने पाठलाग करू नका. दहाजण पाळी लावून ३६ ने चाललेत, तुम्ही एकटे ३८ ने किती वेळ जाणार? मागे वळून बघा, अजून दोघं सुटलेले असतातच, त्यांच्यासाठी स्पीड कमी करा आणि तिघं मिळून चाला. कोणीच नसेल तर मी नव्या लोकांना सरळ सांगतो, शिरवळपर्यंत जायचा हट्ट सोडा, अलीकडच्या एखाद्या पुलाखालनं पलीकडच्या लेनला या, टपरीवर चहा घ्या, ग्रुपवर मेसेज टाका की परतीला इथनं जोडतोय. चीटिंग म्हणणारे म्हणतील, म्हणू देत. फक्त ते लांबून दिसले की टपरीवर बसून हात हलवत बसू नका, पैसे आधीच देऊन ठेवा, बुटाचे क्लीट पेडलमध्ये अडकवा आणि ते येईपर्यंत ३० ला पोचलेले राहा, कारण तुमच्यासाठी ब्रेक कोणी मारणार नाहीये.