फोनवर चालणारा व्हीआर हेडसेट : या चुका टाळा

फोन आत बसवून डोळ्यांसमोर धरायचा, आभासी जग (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजेच व्हीआर) दाखवणारा स्वस्तातला हेडसेट हौसेने घेतला, चार दिवसांत डोकं दुखायला लागलं आणि तो माळ्यावर गेला, असं अनेकांचं झालं. बोल लागतो तो भिंगांना. खरी गडबड बहुतेक वेळा फोनमध्ये किंवा तो बसवण्यात असते.

पहिली चूक म्हणजे फोन न तपासता हेडसेट घेणं. मान वळवली की दृश्य वळतं ते फोनमधल्या जायरोस्कोपमुळे, म्हणजे फोन किती वळला हे ओळखणाऱ्या सेन्सरमुळे, आणि स्वस्त फोनमध्ये तो बऱ्याचदा नसतो. चारी बाजूंचं दृश्य दाखवणारा ३६० अंशांचा एखादा व्हिडिओ लावा आणि स्क्रीनला बोट न लावता फोन हातात धरून गोल फिरा. दृश्य जागचं हललं नाही, तर हेडसेट घेऊच नका.

चित्र दोन-दोन दिसतंय? दारं-खिडक्या कडेला वाकलेल्या दिसतायत? मग खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा राहिलाय. दोन भिंगांमधलं अंतर, भिंगांपासून स्क्रीन किती लांब, भिंगामुळे चित्र किती वाकतं, हे सगळं त्या कोडमधून ॲपला कळतं. दुसऱ्याच हेडसेटचा कोड वापरला तरी हीच रड. त्यानंतर स्क्रीनच्या मधली रेघ हेडसेटमधल्या, दोन भिंगांच्या मधल्या आडपडद्यासमोर अचूक आणा. फोनचं जाड कव्हर काढून ठेवा. फोन नीट बसतो आणि कमी तापतो. तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो, दृश्य अडखळतं आणि मळमळायला लागतं.

मान स्थिर असूनही दृश्य हळूहळू एका बाजूला सरकत असेल, तर चुंबकाचं कव्हर वापरताय का बघा; चुंबकामुळे फोनचा दिशा ओळखणारा सेन्सर गोंधळू शकतो.

पट्ट्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. गूगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड हा पुठ्ठ्याचा हेडसेट आणला, तेव्हा त्याला डोक्याचा पट्टा मुद्दाम दिला नव्हता. हाताने धरलेला हेडसेट धडाच्या वेगानेच वळतो, झटकन मान फिरत नाही, त्यामुळे मागे पडणारं दृश्य कमी जाणवतं. नंतरच्या बऱ्याच प्लॅस्टिकच्या नकलांनी पट्टा लावला आणि हा साधा, हुशार विचार वाया घालवला. चक्कर येत असेल तर पट्टा सोडा, फिरत्या खुर्चीत बसा, आणि सुरुवात रोलरकोस्टरच्या व्हिडिओने करू नका.

उभं राहून चालायला जाऊ नका. मान कुठे वळली हे या हेडसेटला कळतं. तुम्ही पाऊल पुढे टाकलं हे कळत नाही. सेटिंग बदलून हे सुटत नाही. फोनची बॅटरी खाणं आणि ही मर्यादा, दोन्ही या प्रकाराला भोवलं. सॅमसंगच्या गिअर व्हीआर या हेडसेटला २०१९ चा त्यांचाच नोट १० फोन चालला नाही, त्याच वर्षी गूगलने आपला डेड्रीम व्ह्यू हा हेडसेट बंद केला, आणि मार्च २०२१ मध्ये कार्डबोर्डची स्वतःची विक्रीही थांबवली.

म्हणूनच जुन्या बाजारात गिअर व्हीआर किंवा डेड्रीम व्ह्यू चकचकीत दिसला, तरी मोहात पडू नका. गिअर व्हीआर ठरावीक सॅमसंग फोनांवरच चालायचा, आणि डेड्रीमचा सपोर्ट गूगलने काढून घेतलाय. इतरांनी बनवलेला साधा कार्डबोर्ड मात्र अजूनही घेण्यासारखा आहे. त्याचं सॉफ्टवेअर २०१९ पासून मुक्तस्रोत आहे, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येतं, त्यामुळे तो एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. फक्त फोनची लांबी-रुंदी आधी मोजा. २०१५ ची आवृत्ती ६ इंचांपर्यंतच्या स्क्रीनसाठी होती.