राजमाचीच्या वाटेवर बाइकचा ग्रुप घेऊन चिखलात जाताय? या चुका टाळा

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावाला जाणारी वाट जेमतेम १५-१६ किलोमीटरची. उन्हाळ्यात साधी १०० सीसीची गाडीसुद्धा श्रीवर्धन-मनरंजन या राजमाचीच्या दोन किल्ल्यांच्या पायथ्याला आरामात पोचते. जुलैत त्याच वाटेवर अर्धा दिवस जातो, आणि ग्रुप जितका मोठा तितका वेळ जास्त. नवीन पोरांना हे पटत नाही. त्यांचा हिशोब असा, की दहाजण आहोत म्हणजे अडकलो तर ढकलायला नऊजण आहेत. पण पहिल्या गाडीला जी वाट मिळते ती पाचव्या गाडीला मिळत नाही. तोवर चाकोरी खोल गेलेली असते, वरची घट्ट माती उकरली जाऊन खालची रबडी वर आलेली असते. दहाव्याच्या वाट्याला जे येतं ते पहिल्याने पाहिलेलंच नसतं, कारण पहिला तोवर वर पोचून फोटो काढत असतो.

बहुतेक गाड्या चालवता येत नाही म्हणून अडकतात असं मला वाटत नाही. पुढचा मागच्याकडे बघत नाही आणि मागच्याला थांबवत नाही, म्हणून त्या अडकतात. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच येतात.

चढावर पुढची गाडी असताना आपली घालणं

ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं. कितीही सांगा, प्रत्येक पावसाळ्यात कोणीतरी करतोच.

एकदा आठ गाड्यांचा ग्रुप होता. उधेवाडीच्या अलीकडे एक चढ, मधोमध खोल चाकोरी आणि तिच्यातून पाणी वाहतंय. पहिला मुलगा एक्सपल्सवर, म्हणजे हलक्या ऑफरोड बाइकवर, हात चांगला. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला. दुसऱ्याला वाटलं तो पोचला, म्हणून त्याने आपली जड हिमालयन बाइक घातली. त्याचं बघून तिसऱ्यानेही घातली. पहिला पोचलाच नव्हता. माथ्याच्या थोडं खाली त्याचं मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं. हिमालयनवाल्याला अर्ध्या चढावर ब्रेक मारावा लागला. त्याने जे कोणीही केलं असतं तेच केलं, क्लच दाबला आणि पुढचा ब्रेक धरला. चढावर गाडीचं सगळं वजन मागे गेलेलं असतं. पुढचं चाक जाम करून काही होत नाही, ते चिखलावरून तसंच मागे सरकतं. जवळपास २०० किलोची गाडी सरकत तिसऱ्याच्या अंगावर आली. तिसऱ्याला मागे जायला जागा नव्हती, कारण चौथा त्याच्या पाठीशी येऊन थांबला होता. तिसऱ्याचा पाय गाडी आणि बांध यांच्यात सापडला. पायात स्पोर्ट्स शूज. घोटा मोडला.

त्याला बाहेर काढायला गावातून फोर व्हील ड्राइव्ह जीप यावी लागली. मोबाइलला रेंज नव्हती, एकजण चालत गावात गेला. तोवर तो मुलगा मुसळधार पावसात दगडावर बसून होता, आणि बाकीच्यांपैकी दोघांची अजूनही एकच भुणभुण चालू होती, की आता किल्ल्यावर जायला उशीर होणार. त्या दोघांसोबत मी पुन्हा कधी गेलो नाही.

माझी पद्धत साधी आहे. चढावर एका वेळी एकच गाडी. वर पोचलेल्याने गाडी बाजूला लावायची, चालत कडेपर्यंत परत यायचं आणि दोन्ही हात वर करायचे. हात दिसल्याशिवाय खालच्याने पहिला गिअरसुद्धा टाकायचा नाही. हॉर्नवर, ओरडण्यावर विश्वास नको. पावसात ‘ये’ आणि ‘नये’ सारखंच ऐकू येतं.

क्रमाबद्दलही माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. नवख्याला शेवटी ठेवायची पद्धत आहे, म्हणजे तो ‘आरामात’ येईल. मला ती क्रूर वाटते. सगळ्यात खराब झालेली वाट तुम्ही सगळ्यात कमी अनुभव असलेल्याला देता. मी अनुभवी माणूस पहिला पाठवतो, नवखा लगेच त्याच्यामागे, जड गाड्या त्यानंतर, आणि सगळ्यात शेवटी असा एकजण ज्याला दुसऱ्याची गाडीही चढवून देता येते. पहिल्याने पोचल्यावर चढाच्या मध्यावर उतरून उभं राहायचं, ढकलायला. फोटो सगळे वर आल्यावर.

आणि चढावर गाडी थांबलीच तर क्लच दाबू नका. पहिल्या गिअरमध्येच बंद पडू द्या. गिअरमध्ये बंद पडलेल्या गाडीचं मागचं चाक लॉक असतं, तोच तुमचा ब्रेक. मग दोन्ही पाय जमिनीवर ठेवून क्लच जरासा दाबायचा, गाडी वीतभर मागे सरकू द्यायची, पुन्हा सोडायचा. असं करत शांतपणे खाली उतरता येतं. हे कोरड्या चढावर आधी करून बघा. चिखलात पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

अडकल्यावर थ्रॉटल पिळणं

चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही, म्हणजे तुम्ही खड्डा खणताय. थांबा. मागचं चाक निम्मं रुतलं असेल तर इंजिन बंद करून गाडी सावकाश एका कुशीवर आडवी करा, चाक खड्ड्यातून सुटतं. खड्ड्यात दगड, फांद्या भरा, गाडी उभी करा आणि थ्रॉटलच्या जोराऐवजी लोकांना ढकलायला लावून बाहेर काढा. ढकलणाऱ्यांनी मागच्या चाकाच्या रेषेत उभं राहू नये. दोर बांधायचा तर पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला खालच्या बाजूला, हँडलला नाही. जळका वास आला की क्लच प्लेट गेल्यात जमा आहेत. १५ मिनिटं गाडी थंड होऊ द्या. ‘अजून एकदाच ट्राय करतो’ म्हणणाऱ्याच्या हातातून मी सरळ चावी काढून घेतो.

वाटेच्या फाट्यावर मागच्यासाठी न थांबणं

नियम एकच: प्रत्येकजण आपल्या मागच्या गाडीला जबाबदार. फाटा आला की मागचा तुम्हाला बघेपर्यंत थांबायचं. सगळ्यांनी हे केलं तर सगळ्यात पुढचाही आपोआप हळू होतो. लाइव्ह लोकेशनच्या भरवशावर राहू नका, ते तुंगार्लीच्या पुढे कधी बंद पडेल सांगता येत नाही.

ओढ्यात गाडी घालणं, आणि त्याहून वाईट म्हणजे बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारणं

ओढा आधी पायी ओलांडायचा. हातात काठी घेऊन, ज्या रेषेतून गाडी नेणार त्याच रेषेतून. पाणी पिंढरीपर्यंत असेल आणि तळ खडकाळ असेल तर जा. गुडघ्याला लागून जोरात वाहत असेल तर जाऊ नका, गाडी कितीही उंच असो. एक्सपल्सचा किंवा हिमालयनचा २२० मिलिमीटरच्या आसपासचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) दगडांसाठी आहे. पाण्याचा रेटा पूर्ण चाकावर आणि तुमच्या पायांवर येतो.

एका मुलाने नवीकोरी ॲडव्हेंचर गाडी अशाच एका ओढ्यात वेगात घातली, कारण पलीकडे मित्र मोबाइल धरून उभा होता आणि पाणी दोन्ही बाजूंनी उडायला हवं होतं. पुढच्या चाकाने उठवलेली लाट गाडीवरच आली, इंजिनला हवा देणाऱ्या एअर इनटेकमधून आत गेली आणि इंजिन मधोमध बंद पडलं. इथवर फारसं बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. त्याने घाबरून स्टार्टर दाबला. आम्ही काठावरून ओरडतोय, दाबू नको, आणि तो दाबतोच आहे. एक जड ‘ठक्’ आवाज आला आणि स्टार्टर फिरायचा थांबला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर ढकलला की कुठलातरी भाग वाकणारच, आणि बहुतेकदा तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड असतो. गाडी दोराने ओढत, ढकलत लोणावळ्यापर्यंत आणली, सगळ्यांचा दिवस त्यात गेला, आणि इंजिन पूर्ण उघडावं लागलं.

गाडी पाण्यात बंद पडली तर मी असं करतो. हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच बंद. स्टार्टरला हात नाही. गाडी ढकलत काठावर. ढकलताना माणसं प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहतात. खालच्या अंगाला असाल तर पाण्याने गाडी तुमच्यावर पाडली म्हणून समजा. मग एअर फिल्टर उघडून बघायचा. कोरडा असेल तर पाणी आत गेलेलं नाही, प्लगची टोपी पुसा आणि थोडं थांबून चालू करा. ओला असेल तर स्पार्क प्लग काढायचा, प्लगची वायर भोकापासून लांब ठेवायची आणि मगच स्टार्टर मारायचा. आतलं पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं, तोंड तिकडे नको. पाणी यायचं थांबलं की इंजिनवरच्या ऑइल दाखवणाऱ्या काचेत बघा. ऑइल दुधाळ दिसत असेल तर गाडी तिथेच थांबली. ते ऑइल बदलल्याशिवाय चालू करायची नाही. प्लगचा पाना ग्रुपमध्ये एकाकडे तरी हवा. बऱ्याच गाड्यांसोबत तो येतो, आणि लोक घरी ठेवून येतात.

ओढ्याबद्दल अजून एक, आणि हे मी प्रत्येक राइडच्या आधी सांगतो. सकाळी पार केलेला ओढा दुपारी तोच नसतो. तुमच्या डोक्यावर पाऊस थांबलेला असेल, वर घाटमाथ्यावर कोसळत असेल. लोणावळ्यातच ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, पाचजण गेले. पाणी वाढायला फार वेळ लागत नाही. एकदा परतीच्या वाटेवर फुगलेला ओढा बघून पोरं अस्वस्थ व्हायला लागली, तेव्हा गुरं घेऊन चाललेले एक मामा म्हणाले, “वाईच दम काढा की. पानी उतरतंय आपसूक.” त्यांनी पलीकडचा एक दगड दाखवला आणि सांगितलं, हा उघडा पडला की घाला. दगड उघडा पडल्यावर सगळ्या गाड्या एकेक करून पार झाल्या. गावातली माणसं जे सांगतात ते ऐका. वाट त्यांच्या रोजच्या पायाखालची आहे. आणि परतीची वेळ ठरवताना थांबायला दोन तास हाताशी राहतील अशी ठरवा. मी दुपारी दोनच्या पुढे उधेवाडीत कोणाला बसू देत नाही, पिठलं-भाकरी कितीही चांगली असली तरी.

डबक्याला वळसा, बांधावरून गाडी आणि सड्यावर स्टंट

वाटेतल्या डबक्याला टाळायला बाजूच्या गवतातून गाडी काढली की पुढच्या आठवड्यात तिथे दुसरं डबकं तयार. वाट अशीच रुंद होत जाते. डबक्याचा तळ काठीने बघा आणि मधूनच जा.

भातखाचराच्या बांधावर चाक घातलंत तर कोणाचीतरी लावणी वाया जाते. बांध फुटला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि रोपं उघडी पडतात. जुलैत पोरांनी खेळ समजून हे केलेलं मी पाहिलंय. असा शॉर्टकट घेणाऱ्याला परत पाठवून शेतकऱ्याची माफी मागायला लावावी आणि बांध हाताने लिंपून द्यायला लावावा.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात गाडी न्यायचीच नाही. कातळावर मातीचा थर बोटभर असतो, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं त्याच्यावर जगतात. एका चाकाची खूण पुढच्या पावसापर्यंत दिसते. याला माझ्याकडे कुठलाही अपवाद नाही.

बाकी, पटापट

टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा. कोणीतरी व्हिडिओत दहा सांगतो म्हणून दहावर आणू नका. ट्यूबचं टायर रिमवर फिरतं आणि व्हॉल्व्ह तुटतो.

पुढचं मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर वर उचलून घ्या किंवा काढून ठेवा. चिकण माती त्यात अडकून चाक जाम होतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाता.

मागचा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) बंद करता येत असेल तर मातीत बंद करा. डांबरावर पुन्हा चालू झालाय ना ते बघा.

क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लँप थोडे सैल ठेवा, गाडी पडली की लिव्हर तुटण्याऐवजी फिरते. तरी एक जादा लिव्हर सोबत असू द्या.

नजर चाकासमोरच्या खड्ड्यावर नको, दहा-पंधरा फूट पुढे. पाय खाली लोंबकळत ठेवून चालवणाऱ्यांना मी फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहायला लावतो. राहता येत नसेल तर त्या वाटेला अजून यायचं नाही.

बूट घोट्याच्या वर जाणारे, कडक. त्याशिवाय माझ्या ग्रुपमध्ये कोणी येत नाही.

डांबर लागल्यावर

राइड संपली असं वाटून सगळे इथेच सुटतात, आणि मग जुन्या मुंबई-पुणे हायवेवर १८ पीएसआयच्या टायरवर ८० च्या वेगाने गाडी मारतात. कमी हवेचं टायर वळणावर वाकतं आणि वेगात तापतं. चिखल भरलेले ब्रेक पॅड पहिल्या दोन-तीन ब्रेकला धरतच नाहीत, म्हणून आधी हळू चालवत दोन्ही ब्रेक दाबून कोरडे करून घ्या. चेनवरचा चिखल पाण्याने धुवा, ताण बघा, ऑइल सोडा. चेन चिखलात घासली गेली की एका दिवसात सैल होते. सर्व्हिस सेंटरवर प्रेशर वॉशरने चाकाच्या मध्यभागी, बेअरिंगवर, पाण्याचा मारा करू देऊ नका. सील मागे सरते आणि दोन महिन्यांनी बेअरिंग कुरकुरायला लागतं. आणि तुंगार्लीहून खाली उतरलात की लोणावळ्यातल्या पहिल्या पेट्रोल पंपावर सगळ्या गाड्यांची हवा भरून घ्या, मगच चहा.