1969 कॅमॅरो झेड/28: इंजिन मूळचंच आहे का, हे कसं तपासायचं

शेव्हरोलेटच्या या गाडीत (ड्रायव्हरच्या सीटवरून बघता) उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, छोटी सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिनचा कोड ठोकलेला असतो, तिथे आधी बघा. अल्टरनेटर आडवा येतो, तेव्हा टॉर्च आणि आरसा लागेलच. तेलकट थर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) आणि सुती फडक्याने काढा. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, कारण जे तपासायचं तेच घासलं जातं.

‘व्ही0415डीझेड’ असं दिसलं, तर व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, 0415 म्हणजे इंजिन जोडल्याची तारीख, 15 एप्रिल, आणि डीझेड म्हणजे झेड/28 चं 302 घन इंचांचं इंजिन. शेजारी किंवा ऑइल फिल्टरजवळ ‘19एन’ आणि सहा आकडे सापडतील. एन म्हणजे नॉरवुड, जिथे गाडी जोडली गेली तो कारखाना. ते सहा आकडे डॅशबोर्डवरच्या व्हीआयएनच्या (गाडीच्या ओळख क्रमांकाच्या) शेवटच्या सहांशी जुळायलाच हवेत.

पण आकडे नव्याने ठोकता येतात. म्हणून पट्टीवर तिरका प्रकाश टाका. कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट तासण्याच्या) बारीक समांतर रेघा इंजिनच्या लांबीच्या दिशेने, पुढून मागे जातात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल किंवा गोलाकार ओरखडे असतील, तर ब्लॉक नंतर मशीनवर पुन्हा तासला गेलाय. त्यात मूळ नंबर जातो. फसवणूक झालीच असं नाही, पण पुरावाही उरत नाही. इंजिन कोड आणि व्हीआयएनचे आकडे वेगवेगळ्या कारखान्यांत ठोकले जायचे, त्यामुळे दोन्हींची खोली आणि ठेवण हुबेहूब सारखी दिसली तर मला शंका येते.

शेवटी ब्लॉकच्या मागच्या बाजूची ओतकामाची तारीख वाचा. ‘डी 2 9’ म्हणजे 2 एप्रिल 1969. आधी ओतकाम, मग इंजिन जोडणी, मग गाडी; हा क्रम उलटा निघाला तर इंजिन त्या गाडीचं नाही.