उतारावरच्या आंबा-काजूच्या कलमांची माती वाहून जातेय?
कातळावर जांभ्या मातीचा थर कुठे कुठे जेमतेम वीतभर, आणि रत्नागिरीकडे पाऊस ३००० मिमीच्या आसपास, तोही चार महिन्यांत, मग कलमांची मुळं उघडी पडणारच ना. मे महिन्यातच झाडाच्या खालच्या अंगाला चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) तुकड्यांचा अर्धगोल गडगा, म्हणजे नुसत्या दगडांचा बांध, रचा, दीड फूट उंची पुरे, सिमेंट अजिबात नको, कारण फटींतून पाणी जायला हवं आणि माती तेवढी अडायला हवी. आत पातेरा, म्हणजे वाळलेला पालापाचोळा, टाका (जाळता कशाला तो?). पावसात तणनाशक तर मारूच नका प्लीज, गवत ग्रासकटरने चार बोटं ठेवून कापा, मुळं माती धरून ठेवतात. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत गडग्यामागे पायरीसारखी माती साचली.