घरच्या बागेतून पारव्यांचा उपद्रव कसा थांबवावा

गच्चीवरच्या वाफ्यात संध्याकाळी मेथी पेरावी आणि सकाळी पारव्यांनी माती उकरून दाणे वेचलेले दिसावेत, हा अनुभव नाशिकमध्ये बाग करणाऱ्या अनेकांना येतो. पारवा हा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी आहे. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरसारख्या भागांतील इमारतींचे छज्जे, डक्ट आणि एसीच्या बाहेरील यंत्रामागच्या फटी त्याला कपारीचीच सोय करून देतात. खाणे, पाणी आणि बसण्याची जागा या तीन गोष्टी मिळत राहिल्या, तर त्याला कितीही वेळा हाकलले तरी तो परत येतो. म्हणून सुरुवात हाकलण्यापासून न करता या तीन गोष्टी काढून घेण्यापासून करावी.

प्रथम दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ निरीक्षण करावे. पारवे सहसा थेट वाफ्यात उतरत नाहीत. आधी पाण्याची टाकी, कठडा किंवा रेलिंग अशा उंच जागी बसून अंदाज घेतात आणि मग खाली येतात. ते कुठे बसतात, कोणत्या कुंडीत उतरतात आणि काय खातात हे लक्षात आले की खर्च नेमका कुठे करायचा ते ठरवता येते.

त्यानंतर खाण्याकडे वळावे. उन्हाळ्यात गच्चीवर गहू, कुरडया, पापड यांचे वाळवण असते. त्यावर जुनी सुती साडी किंवा बारीक जाळी घालावी आणि वाळवण उचलल्यावर सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी रोज ओतून टाकावे. खरी अडचण असते ती शेजारच्या गच्चीवर दाणे टाकले जात असतील तेव्हा. रामकुंडाच्या परिसरात पारव्यांना दाणे टाकणारी माणसे श्रद्धेने टाकतात, तशीच घरीही टाकतात. त्यामुळे हा विषय तक्रारीच्या सुरात न काढता, विष्ठेचा त्रास कोणाला आणि कसा होतो हे समजावून सांगून मांडावा. ज्यांना पक्ष्यांना खाऊ घालायचेच आहे त्यांनी चिमण्यांसाठी लहान दांडीचे, टांगते खाद्यपात्र लावावे. जड पारव्याला त्यावर नीट बसता येत नाही.

पेरणी झाल्यावर बी उघडे राहू देऊ नये. मेथी, पालक किंवा कोथिंबीर पेरल्यावर त्यावर सुमारे एक सेंटिमीटर माती आणि त्यावर पालापाचोळ्याचा किंवा नारळाच्या काथ्याचा पातळ थर द्यावा. बांबूच्या कामट्या वाकवून वाफ्यावर कमानी कराव्यात, त्यावर सुमारे २० मिलिमीटर छिद्रांची जाळी पसरावी आणि तिच्या कडा विटांनी दाबाव्यात. रोपे बोटभर उंच होऊन मुळे धरेपर्यंत ही जाळी काढू नये, कारण वाचलेल्या दाण्यांतून आलेले कोवळे कोंबही पारवे उपटतात. रुंद तोंडाच्या रिकाम्या कुंड्या पालथ्या ठेवाव्यात, नाहीतर त्यांतच घरटे होते.

बाल्कनीतील बाग असेल तर संपूर्ण उघडा भाग जाळीने बंद करणे हाच सर्वांत टिकाऊ उपाय आहे. पारव्यासाठी ५० मिलिमीटर छिद्रांची जाळी पुरते. द्राक्षाचे घड पिकू लागले की बागायतदार पक्ष्यांपासून रक्षणासाठी जाळ्या वापरतात, त्यामुळे आपल्याकडे कृषी सेवा केंद्रांतही जाळीची चौकशी करता येते. मात्र केसासारख्या बारीक धाग्याची जाळी घेऊ नये. तिच्यात पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात. उन्हात न कुजणारी, जाड धाग्याची जाळी निवडावी. भिंतीत हूक बसवून चारही बाजूंनी तार ओढावी आणि त्या तारेला जाळी वीतभर अंतरावर बांधत जावे. जाळी बाजेच्या सुतळीसारखी ताठ बसली पाहिजे. ती सैल राहिली की पक्षी अडकतो आणि खालच्या कडेला फट राहिली की आत शिरलेला पारवा बाहेर पडण्यासाठी धडपडून रोपे मोडतो.

जिथे जाळी लावणे शक्य नाही, तिथे छज्ज्यावर ४५ अंशांहून अधिक उताराची फळी बसवावी, म्हणजे पाय टेकता येत नाही. कठड्यावर दोन वेगवेगळ्या उंचीवर ताठ तारा ओढल्यासही बसणे अवघड होते.

चमकत्या सीडी आणि फिती थोडे दिवस उपयोगी पडतात, पण पारव्यांना त्यांची लवकर सवय होते. प्लास्टिकच्या घुबडाचेही तेच. माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनीची यंत्रे घेऊच नयेत, कारण तो आवाज पारव्यांनाही ऐकू येत नाही. चिकट लेप आणि विषारी दाणे मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. ती क्रूरता आहे, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे.

घरट्यासाठी आणलेल्या नुसत्या काड्या दिसल्या तर त्या त्याच दिवशी उचलाव्यात. अंडी घातली असतील तर थांबावे. मादी साधारणपणे दोन अंडी घालते, ती सुमारे अठरा दिवसांत उबतात आणि पिले महिन्याभराने किंवा थोड्या अधिक काळाने उडतात. पिले उडताच जागा साफ करून बंद करावी. विलंब झाला तर तिथेच पुन्हा अंडी दिसतात.

वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तिच्या धुळीतून बुरशीजन्य आजार होऊ शकतात आणि दीर्घकाळ संपर्क राहिल्यास फुफ्फुसांना ॲलर्जीमुळे सूज येऊ शकते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला या कामापासून दूरच ठेवावे. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून आधी भरपूर पाणी शिंपडावे, विष्ठा भिजू द्यावी आणि मग खरवडून पिशवीत बांधून टाकावी. ताजी विष्ठा खत म्हणून भाजीपाल्याला घालू नये.

जाळी लावल्यानंतर वर्षातून दोनदा तिची तपासणी आवश्यक आहे. पावसाळ्यापूर्वीच्या वादळी वाऱ्यांनंतर सुटलेल्या गाठी पुन्हा बांधाव्यात आणि मकरसंक्रांत झाल्यावर जाळीत, तारांवर आणि झाडांत अडकलेला मांजा कात्रीने कापून काढावा, कारण त्यात पारव्यांबरोबर बुलबुल आणि शिंजीरही अडकून जखमी होतात.